जुन्या रशियन कागदी नोटा: संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७६९ ते १९१७ या काळातल्या रशियन साम्राज्याच्या नोटांबद्दलचे हे प्रश्न आहेत. सोव्हिएत काळातल्या नोटा हा वेगळा विषय आहे. जिथे दोन्हींची गल्लत होते, तेवढाच भाग इथे घेतला आहे.

रशियात कागदी पैसा आला तो कशामुळे?

तांब्याच्या वजनामुळे. अठराव्या शतकात रशियात रोजचा व्यवहार तांब्याच्या नाण्यांत चालायचा. एका पुडात, म्हणजे सुमारे १६.३८ किलो तांब्यात, १६ रूबलची नाणी पाडली जात. याचा अर्थ एक रूबल म्हणजे किलोभर तांबं, आणि १०० रूबल कुणाला द्यायचे तर क्विंटलभर ओझं गाडीत भरायचं. एकट्या ५ कोपेकच्या नाण्याचं वजन ५१ ग्रॅम होतं (१०० कोपेक म्हणजे एक रूबल). हातात घेतलं की नाण्यापेक्षा वजनाचं माप घेतल्यासारखं वाटतं. त्यातच १७६८ मध्ये तुर्कस्तानशी युद्ध सुरू झालं आणि खजिन्याला पैसा हवा होता. सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने २९ डिसेंबर १७६८ रोजी जाहीरनामा काढला. त्यानुसार सेंट पीटर्सबर्ग आणि मॉस्को इथे प्रत्येकी ५ लाख रूबल भांडवलाची बँक उघडली. या बँकांनी दिलेल्या कागदांना ‘असिग्नात्सिया’ म्हणतात.

जाहीरनाम्याची तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. आपल्या कॅलेंडरप्रमाणे ती ९ जानेवारी १७६९ होते. विक्रेत्यांच्या याद्यांत १७६८ आणि १७६९ अशी दोन्ही सालं दिसतात, त्याचं कारण हेच.

पहिली नोट दिसायला कशी होती?

आजच्या नजरेला ती नोट वाटतच नाही. एखादं सरकारी प्रमाणपत्र वाटतं. छपाई एकाच बाजूला आणि फक्त काळ्या शाईत. ही असिग्नात्सिया दाखवणाऱ्याला अमुक शहरातली बँक चालू नाण्यांत इतके रूबल देईल, असा मजकूर, क्रमांक आणि साल. वरच्या भागात दोन लंबगोल ठसे आहेत. ते शाईचे नाहीत, कागद दाबून उठवलेले आहेत. एकात गरुड आणि युद्धसामग्री आहे, दुसऱ्यात खवळलेल्या समुद्रात उभा असलेला खडक. खडकाच्या ठशावर ‘अभंग’ अशा अर्थाचा शब्द आहे. नोट सपाट धरली तर हे ठसे जवळजवळ दिसत नाहीत. खिडकीजवळ नेऊन उजेड बाजूने पडेल अशी तिरकी धरली, की ते वर येतात.

खरी गंमत कागदात आहे. उजेडासमोर धरल्यावर चारही कडांना जलचिन्हाची अक्षरं दिसतात. वर आणि खाली मिळून एक वाक्य आहे: मातृभूमीवरचं प्रेम तिच्याच हितासाठी काम करतं. शिवाय प्रत्येक नोटेवर अधिकाऱ्यांच्या हाताने केलेल्या सह्या असत, त्यांत सिनेटच्या सदस्यांच्याही. सुरुवातीला मूल्यं चारच होती: २५, ५०, ७५ आणि १०० रूबल.

७५ रूबलची नोट इतकी दुर्मिळ का?

तिचं आयुष्यच दोन-अडीच वर्षांचं होतं. सगळ्या मूल्यांचा आकार एक, रंग एक, मांडणीही एक. फरक फक्त अक्षरी लिहिलेल्या रकमेत. बनावट करणाऱ्यांनी २५ च्या नोटेवरचा ‘वीस’ खरवडून तिथे ‘सत्तर’ लिहायला सुरुवात केली. रशियन भाषेत पंचवीस आणि पंचाहत्तर या दोन्ही आकड्यांचा शेवट ‘प्यात्’, म्हणजे पाच, असाच होतो. त्यामुळे अर्धीच रक्कम बदलावी लागे. १७७१ मध्ये ७५ ची नोट रद्द करून परत घेतली गेली. ही नोट स्वस्तात विकायला आलेली दिसली, तर ती खरी नाही असंच धरून चाला.

पहिल्या प्रकारच्या बाकीच्या नोटाही फार थोड्या उरल्या. १७८६ नंतर त्या नव्या नोटांनी बदलून घेतल्या आणि जाळून टाकल्या. लोकांनीही त्या जपल्या नाहीत. पैसा हातात असताना तो कोण बदलून घेणार नाही?

रंगीत कागद कधी आला?

१७८६ च्या सुधारणेत. दोन्ही बँका एकत्र करून सरकारी असिग्नात्सिया बँक केली आणि छोट्या व्यवहारांसाठी ५ व १० रूबलच्या नोटा आल्या. ५ ची निळसर कागदावर, १० ची लालसर कागदावर. वाचता न येणाऱ्या माणसालाही रंगावरून नोट ओळखता यावी, हा हेतू. मूळ चौकट इतकी टिकाऊ ठरली की ५ निळी आणि १० लाल हा नेम १९६१ च्या सोव्हिएत नोटांपर्यंत चालत आला.

मग या नोटांची किंमत का घसरली?

छापल्या फार म्हणून. एकूण नोटा १० कोटी रूबलच्या पुढे जाणार नाहीत, असं वचन १७८६ मध्ये दिलं होतं. ते टिकलं नाही. कॅथरीनच्या मृत्यूच्या वर्षी, १७९६ मध्ये, चलनात सुमारे १५.७ कोटींच्या नोटा होत्या आणि कागदी रूबलला चांदीचे ७० कोपेकही धड मिळत नव्हते. तिचा मुलगा पावेल याने १७९७ मध्ये हिवाळी राजवाड्यासमोरच्या चौकात ५० लाख रूबलहून अधिक नोटा जाहीरपणे जाळल्या. त्यानेही भाव सावरला नाही. नेपोलियनच्या युद्धांनंतर, १८१५ च्या सुमारास, कागदी रूबल चांदीच्या २० ते २५ कोपेकवर आला होता.

संग्राहकाच्या दृष्टीने याचा परिणाम उलटा आहे. नोटा भरपूर छापल्या गेल्या म्हणूनच १८०० ते १८१८ मधल्या ५, १० आणि २५ रूबलच्या असिग्नात्सिया आज अधूनमधून लिलावात येतात. त्या महाग आहेत, पण मिळतच नाहीत असं नाही.

नेपोलियनच्या खोट्या नोटा हा प्रकार काय आहे? त्या ओळखायच्या कशा?

१८१२ च्या स्वारीआधी फ्रेंचांनी पॅरिसमध्ये रशियन नोटा छापल्या, त्यातही २५ रूबलच्या जास्त. सैन्याचा खर्च त्यातून भागवायचा आणि रशियाचा पैसाही खिळखिळा करायचा, असा दुहेरी बेत होता. या नोटा पुढे कित्येक वर्षं चलनात सापडत राहिल्या. आज त्या स्वतःच संग्राह्य आहेत आणि अनेकांच्या संग्रहातली ‘पहिली असिग्नात्सिया’ हीच असते.

ओळखायला सह्या बघा. अस्सल नोटेवर सही बोरूने केलेली असते. भिंगाखाली शाई कुठे दाट, कुठे फिकट दिसते. जोर पडला तिथे रेघ फाकते आणि लोखंडी शाईचा रंग काळाचा तपकिरी झालेला असतो. फ्रेंच नोटेवर सही कोरलेल्या पट्टीवरून छापलेली आहे. सगळीकडे एकसारखी, मजकुराच्याच काळ्या शाईत. मजकूर आणि सही एकाच रंगात, एकाच दाबात दिसली की प्रश्न मिटला.

दुसरी खूण मजकुरातली, आणि ती डोळ्यांनी पकडण्यात खरा आनंद आहे. ‘गोसुदार्स्त्वेन्नोय’ या शब्दातल्या ‘द’ च्या जागी ‘ल’ कोरला गेला आहे, आणि ‘होद्याचेयु’ मध्येही तसंच ‘होल्याचेयु’ झालं आहे. रशियन लिपीत ही दोन अक्षरं दिसायला जवळची आहेत. फरक खालच्या दोन छोट्या पायांचा. रशियन न येणाऱ्या कोरीव कारागिराच्या हातून ते पाय निसटले. मात्र ही चूक सगळ्या फ्रेंच नोटांवर नाही. म्हणून ‘चूक नाही, म्हणजे अस्सल’ असा निष्कर्ष काढू नका.

तिसरी गोष्ट, फ्रेंच काम अस्सलपेक्षा नीटनेटकं आहे. अक्षरं जास्त स्वच्छ, कागद जास्त एकसारखा. नोट फारच सुबक दिसली तर संशय घ्यावा, असा हा दुर्मिळ विषय आहे.

१८१८ नंतर काय बदललं?

ऑगस्टीन दे बेतांकुर या स्पॅनिश अभियंत्याच्या देखरेखीखाली सेंट पीटर्सबर्गमध्ये सरकारी कागद तयार करणारी स्वतंत्र संस्था १८१८ मध्ये उभी राहिली. कागद आणि छपाई दोन्ही एकाच छपराखाली. आजची ‘गोझ्नाक’ ही तिचीच पुढची पिढी. १८१९ पासूनच्या असिग्नात्सियांवर पंख खाली पसरलेला दुतोंडी गरुड आहे. बँकेचे प्रमुख खोवान्स्की यांची सही छापील आहे आणि रोखपालाची सही हाताने केलेली. नेपोलियनच्या नोटांना जी कसोटी लावली, ती इथे तशीच लावली तर फसाल: छापील सही या नोटांवर अस्सलपणाचाच भाग आहे.

‘क्रेडिट बिलेत’ म्हणजे काय?

अर्थमंत्री कांक्रिन यांच्या सुधारणेतून आलेल्या नोटा. १८३९ मध्ये चांदीचा रूबल हेच मुख्य मोजमाप ठरलं आणि साडेतीन कागदी रूबलला एक चांदीचा असा दर पक्का झाला. १८४० पासून थोडा काळ ठेवपावतीसारखे ‘देपोझितनी बिलेत’ निघाले आणि १८४३ मध्ये क्रेडिट बिलेत आले: १, ३, ५, १०, २५, ५० आणि १०० रूबल. असिग्नात्सिया हळूहळू परत घेऊन नष्ट केल्या.

रंग आता मूल्यानुसार ठरले. १ पिवळी, ३ हिरवी, ५ निळी, १० लाल, २५ जांभळी. लोक नोटांना रंगावरूनच हाक मारू लागले. जुन्या रशियन साहित्यात ‘निळी दिली’, ‘लाल काढली’ असं येतं ते यातूनच. १८६६ च्या मालिकेत मागच्या बाजूला राजांची चित्रं आली: ५ वर दिमित्री दोन्स्कोय, १० वर मिखाईल फ्योदोरोविच, २५ वर अलेक्सेई मिखाइलोविच, ५० वर पहिला पीटर, १०० वर दुसरी कॅथरीन. शंभराच्या नोटेला त्यानंतर ‘कातेन्का’, म्हणजे लाडाने कॅथरीन, आणि पुढे आलेल्या पाचशेच्या नोटेला ‘पेतेन्का’, म्हणजे लाडाने पीटर, हे नाव पडलं.

१८४३ ते १८९० च्या दशकापर्यंतच्या या नोटा चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण आहे. नवशिक्याने इथे घाई करू नये.

‘ओर्लोव छपाई’चं एवढं कौतुक का होतं?

कारण त्या काळी ती जगात दुसरीकडे नव्हती. इवान ओर्लोव हा याच संस्थेतला तंत्रज्ञ. साधारण बहुरंगी छपाईत प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा उमटतो आणि कागद केसभर सरकला तरी रेघा जुळत नाहीत. ओर्लोवच्या यंत्रात सगळे रंग आधी एकाच ठशावर गोळा होतात आणि तिथून एकदाच कागदावर उतरतात. १८९२ च्या २५ रूबलच्या नोटेवर ती पहिल्यांदा वापरली.

दहापट भिंग घ्या आणि नोटेच्या जाळीदार नक्षीतली एकच बारीक रेघ धरून पुढे सरकत जा. रेघ हिरवी असते, मग मधेच लालसर होते, पुढे निळी. पण जिथे रंग बदलतो तिथे ना फट, ना एकावर एक चढलेली रेघ. जुन्या बनावटीत आणि आजच्या नकलांत नेमका हाच सांधा उघडा पडतो.

नोटेवर १९०९ आहे. म्हणजे ती १९०९ ची का?

बहुधा नाही. बाजारात होणारी सर्वांत मोठी चूक हीच. नोटेवरचं साल नमुन्याचं आहे, छपाईचं नाही. छपाईचा काळ सांगते ती सरकारी बँकेच्या व्यवस्थापकाची सही. प्लेस्के (१८९४ ते १९०३), तिमाशेव (१९०३ ते १९०९), कोन्शिन (१९१० ते १९१४) आणि शिपोव (१९१४ ते १९१७). सही डावीकडे असते, रोखपालाची उजवीकडे.

१९०९ च्या नोटेवर शिपोवची सही असेल तर ती युद्धकाळातली. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे झारनंतर १९१७ मध्ये आलेल्या हंगामी सरकारने आणि नंतर बोल्शेविकांनीही झारच्याच ठशांवर शिपोवच्या सहीने नोटा छापणं चालू ठेवलं. १ आणि ५ रूबलच्या नोटांवर लांबलचक क्रमांकाऐवजी दोन अक्षरं आणि तीन आकडे एवढीच मालिका दिसली, तर ती या शेवटच्या काळातली आहे. ती अगदी स्वस्त असायला हवी. ‘झारकालीन दुर्मिळ’ म्हणून चढ्या भावात विकली जाते ती हीच.

नोटेवर सोनं देण्याचं वचन आहे. आज काही मिळेल का?

नाही. १८९७ मध्ये अर्थमंत्री वित्ते यांनी सुवर्णमान आणला. त्यानंतरच्या नोटांवर लिहिलं आहे की सरकारी बँक या नोटा रकमेच्या मर्यादेशिवाय सोन्याच्या नाण्यांत बदलून देते, आणि एका रूबलमध्ये १७.४२४ दोल्या (दोल्या हे जुनं रशियन वजन) शुद्ध सोनं आहे. म्हणजे सुमारे ०.७७४ ग्रॅम. पहिलं महायुद्ध सुरू होताच, जुलै १९१४ मध्ये, ही अदलाबदल थांबवली. म्हणजे शिपोवच्या सहीच्या बहुतेक नोटांवरचं सोन्याचं वचन छापतानाच पोकळ झालं होतं. त्याच नोटेवर नक्कल करणाऱ्याला सक्तमजुरीची शिक्षा होईल असंही छापलेलं आहे.

सुरुवात कुठल्या नोटेपासून करावी?

असिग्नात्सियापासून नको. आमचं स्पष्ट मत आहे की आधी १८९८ ते १९१२ च्या नोटांवर डोळा तयार करावा. ३ रूबल १९०५, ५, १० आणि २५ रूबल १९०९, १०० रूबल १९१० आणि ५०० रूबल १९१२ या सगळ्या शिपोवच्या सहीने सहज मिळतात. मग सह्यांकडे वळा. ५० रूबल १८९९ ही नोट चारही व्यवस्थापकांच्या सह्यांत येते, आणि एका नमुन्याची चौकडी पूर्ण करणं हा उत्तम पहिला प्रकल्प आहे.

कातेन्का एक तरी घ्यावीच. १९१० ची शंभराची नोट सुमारे २६ बाय १२ सेंटिमीटरची आहे. तिच्या मोकळ्या भागात वरवर काही नाही. उजेडासमोर धरली की तिथे कॅथरीनचा चेहरा उमटतो. छटा इतक्या हळुवार की गालाची गोलाई कळते. असं जलचिन्ह एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की छापून काढलेली नक्कल पुढे कधी फसवत नाही.

अस्सल-नक्कल तपासायचा क्रम कोणता?

आधी उजेड. खऱ्या जलचिन्हात कागदच जाड-पातळ असतो, त्यामुळे गडद आणि फिकट दोन्ही छटा दिसतात. नकलेत ते फिकट शाईने किंवा तेलकट पदार्थाने उठवलेलं असतं. साध्या उजेडातही दिसतं आणि कडा धारदार असतात.

मग भिंग. ठिपक्यांनी बनलेला रंग दिसला तर ती आधुनिक छपाई आहे, पुढे बघायचं कारण नाही.

त्यानंतर अतिनील दिवा, अंधाऱ्या खोलीत. चिंध्यांपासून केलेला जुना कागद मंद, पिवळट दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बहुतेक कागदांत उजळपणासाठी रसायन असतं, म्हणून तो निळा-पांढरा चमकतो. इथे एक अडचण आहे: कपडे धुण्याच्या पावडरने धुतलेली अस्सल नोटही चमकते. तशी नोट खोटी नसते, पण तिची किंमत उतरलेली असते.

शेवटी मोजपट्टी. फाटकी कड कापून सरळ केलेली नोट दोन-तीन मिलिमीटरने कमी भरते, आणि चारही कोपरे संशयास्पद टोकदार असतात.

रशियन वाचता येत नाही. अडेल का?

फारसं नाही. आकडे आपल्या ओळखीचे आहेत आणि चार व्यवस्थापकांची नावं आठवड्याभरात डोळ्यांना ओळखीची होतात. एक खूण मात्र शिकून घ्या. १९१८ च्या लिपीसुधारणेआधी व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी ‘कठीण चिन्ह’ लिहीत. ते इंग्रजी लहान बी सारखं असतं आणि डोक्यावर डावीकडे छोटी शेपटी असते. ‘बान्क’, ‘बिलेत’ अशा शब्दांच्या शेवटी ते हवंच. झारच्या नोटेवर ते नसेल, तर ती अलीकडे कुणीतरी रचलेली आहे.

अवस्था ठरवताना काय बघायचं?

मधली घडी, कोपरे, टाचणीची भोकं आणि कडेच्या चिरा. मोठ्या नोटा घडी करूनच वापरल्या जात, त्यामुळे कातेन्कावर घडी असणं हा दोष नाही, तिचं आयुष्य आहे. दोष लपवणं हा दोष. इस्त्री केलेली नोट तिरक्या उजेडात पाहिली तर छपाईचा उठाव सपाट झालेला दिसतो. कागद करकरीत राहत नाही, मरगळतो. नोट स्वतः कधीही धुऊ नका, दाबू नका आणि चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. तिचा डिंक वर्षांनी तपकिरी होऊन आरपार उतरतो. महागडी असिग्नात्सिया घेताना मान्यताप्राप्त संस्थेने तपासून सीलबंद केलेली घेणं शहाणपणाचं आहे. स्वस्त नोटांसाठी तो खर्च वाया जातो.

केरेन्की, तिकिटांचा पैसा आणि स्वस्तिकाची नोट यांचं काय?

कमी खर्चात भरपूर समाधान देणारा हा कोपरा आहे. १९१५ मध्ये नाणी लोकांनी दडवून ठेवली, तेव्हा रोमानोव्ह घराण्याच्या ३०० वर्षांनिमित्त निघालेली टपाल तिकिटं जाड कागदावर छापून सुट्टे पैसे म्हणून चालवली. १० कोपेकवर दुसरा निकोलस, १५ वर पहिला निकोलस, २० वर पहिला अलेक्झांडर. मागे डिंक नाही. नाण्याच्या बरोबरीने चालेल असा मजकूर आहे. ‘केरेन्की’ म्हणजे १९१७ च्या २० आणि ४० रूबलच्या चिमुकल्या चिठ्ठ्या. त्यांच्यावर क्रमांक नाही, साल नाही, सही नाही. न कापलेला अख्खा ताव मिळाला तर तोच घ्या.

हंगामी सरकारच्या २५० आणि १००० रूबलच्या नोटांवर नक्षीत स्वस्तिक आहे. मराठी घरात ते लगेच डोळ्यांत भरतं. शुभचिन्ह म्हणून ते तेव्हा युरोपात आणि रशियातही सजावटीत वापरात होतं. जर्मन राजकारणाशी या नोटांचा संबंध नाही, आणि ‘नाझी नोट’ म्हणून विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

परदेशातून मागवताना आणि परत विकताना काय सांभाळायचं?

पाकिटावर खरं तेच लिहायला सांगा: चलनात नसलेली, संग्रहासाठीची जुनी नोट, आणि खरी किंमत. नुसतं ‘नोटा’ लिहिलं तर पार्सल अडकतं, कारण टपालाने चालू चलन पाठवण्यावर निर्बंध असतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर रशियात कायद्याची बंधनं आहेत, आणि भारतातही पुराणवस्तूंच्या निर्यातीवर १९७२ चा कायदा लागू होतो. म्हणून इथून बाहेर विकण्याआधी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी, आणि खरेदीचं बिल कधीही फेकू नये.

आपल्या हवेत या नोटा टिकतील का?

टिकतील, पण पावसाळा ही खरी परीक्षा आहे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कागद दमट होतो, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात आणि कसर लागते. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे कप्पे वापरू नका. त्यातलं तेल बाहेर येऊन नोटेला चिकटतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे घ्या. कातेन्का आणि पेतेन्का नेहमीच्या ए-४ पानात आडव्या बसत नाहीत, कारण पानाची रुंदी २१ सेंटिमीटरच असते. त्या उभ्या ठेवा किंवा त्यांच्यासाठी मोठं पान वेगळं घ्या, घडी घालून कोंबू नका. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवून घ्या. डांबरगोळ्या नोटांसोबत ठेवू नयेत. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, एकदा सगळ्या नोटा बाहेर काढून सावलीत तासभर मोकळ्या ठेवा आणि प्रत्येकीची मागची बाजूही बघा. बुरशीची सुरुवात बहुतेक वेळा तिथून होते.